जुन्या मिलिटरी ट्रकचं ब्रेक ऑइल कमी होऊन राहिलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात लिलावातून आलेल्या फौजी गाड्या अजून बऱ्याच चालतात. कोणी पाण्याची टाकी बसवली, कोणी लाकूड उचलायची क्रेन केली, कोणी हौसेपोटी आंगणात उभी ठेवली अन् पोराच्या वरातीत काढतो. इंजिन दणकट, चेसिस दणकट, पण ब्रेकचा सगळा भरवसा शेवटी सिलेंडरच्या आत ऑइल अडवणाऱ्या लहान लहान रबरी कपांवर, अन् तेच कोणी बघत नाही. खालचे प्रश्न फोनवर, पंक्चरच्या दुकानात, बाजाराच्या दिवशी लोक विचारतात तेच आहेत. हे सगळं ब्रेक ऑइलवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे. फक्त हवेवर चालणारा ब्रेक असेल तर तिथं ऑइलच नाही, ते पुराण वेगळं.

ब्रेक ऑइल आपोआप कमी होते का? आमच्याकडे मे महिन्यात ४६ डिग्री असते, उडून जात असन.

नाही भाऊ. साधं डॉट ३ (हा ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल नवीन असताना २०५ डिग्रीच्या आधी उकळत नाही, त्याला आपल्या उन्हाचं काय. ही बंद लाइन आहे, रेडिएटर नाही की पाणी वाफेनं कमी झालं अन् टाकलं. शूवरचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, झिजतात तसे व्हील सिलेंडरचे (चाकातला, शू दाबणारा लहान सिलेंडर) पिस्टन थोडे बाहेर सरकतात अन् तेवढं ऑइल टाकीतून खाली जाते, पण ते फार थोडं, अन् शू जवळ घेऊन अॅडजस्ट केले की परत वर येते. दर पंधरा दिवसाला तुम्ही बाटली ओतून राहिले तर ते कुठंतरी जाऊन राहिलं. कुठं जाते ते सापडत नाही तोवर नुसतं ओतत राहणं हाच खरा रोग आहे, कारण ओतलं की ब्रेक लागतो, ब्रेक लागला की माणूस विसरतो, अन् कप मात्र तिकडं फाटतच जातो.

आमच्या गाडीत कोणता ब्रेक आहे हे कसं समजायचं? मिस्त्री प्रत्येक जण वेगळं सांगते.

मिस्त्रीचा दोष नाही. या बऱ्याचशा गाड्या जबलपूरच्या. शक्तिमान तिथं १९५९ पासून जर्मनीच्या मान (MAN) कंपनीच्या परवान्यावर बनली, निसान वनटन (एक टनी ट्रक) अन् जोंगा (जीपसारखी गाडी) याही तिथल्याच, जोंगाचं तर नावच जबलपूरच्या कारखान्याच्या आद्याक्षरांवरून पडलं. पण लिलावात निघाल्यावर त्यांच्यावर इतके हात फिरले की कंपनीचं पुस्तक आता अर्धच लागू पडते. पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलं, मास्टर सिलेंडर (पेडलनं दाबून सगळ्या लाइनला दाब देणारा) दुसऱ्याच गाडीचा, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) तिसरीचा, अशा गाड्या मी रोज बघतो.

म्हणून नाव विचारू नका, खाली वाका. पेडलपासून मास्टर सिलेंडर, तिथून पाइप सरळ चाकाकडे गेला असेल तर साधा हायड्रॉलिक. मधे गोल डब्यासारखा बूस्टर असेल अन् त्याला एक जाड रबरी पाइप इंजिनच्या मॅनिफोल्डकडून किंवा व्हॅक्युम पंपाकडून येत असेल तर व्हॅक्युमची मदत. हवेची टाकी अन् कॉम्प्रेसर असेल, पण चाकात हवेचा चेंबर नसून बारीक ऑइलचा पाइपच जात असेल, तर हवेच्या मदतीचा हायड्रॉलिक. हे एकदा ओळखून ठेवा, पुढं कामी येते.

गळती शोधायला सुरुवात कुठून करू?

धुण्यापासून. गंमत नाही करून राहिलो. आपली काळी माती ओली असताना मागच्या अॅक्सलवर अन् चेसिसच्या आत जी थापून बसते ती वाळल्यावरही निघत नाही, तिच्याखाली पाइप गंजतो, अन् गळलेलं ऑइलही तीच पिऊन घेते. वरून बघितलं तर नुसती माती. म्हणून आधी प्रेशरनं धुवा, कोपऱ्यातली माती खुरपीनं नको, लाकडाच्या काडीनं काढा, लोखंडी पट्टीनं पाइप खरवडू नका, अन् गाडी पूर्ण वाळू द्या.

मग ब्रेक ऑइलची टाकी भरा. जुन्या मास्टर सिलेंडरची टाकी लोखंडी असते, बाहेरून लेव्हल दिसत नाही, अन् ती बहुतेक गाड्यांत केबिनच्या फरशीखाली झाकणात लपलेली. झाकण उघडायच्या आधी आजूबाजूची धूळ ओल्या फडक्यानं पुसा, नाही तर एका चिमटीएवढी माती आत पडली की ती कपावर चरा पाडते. स्वच्छ तारेला खूण करून लेव्हल मोजून ठेवा.

आता एक माणूस पेडलवर बसवा. त्याला सांगा जोरानं दाब अन् दाबूनच धर, मोबाइल पाहू नको. इंजिन चालू ठेवा म्हणजे बूस्टरचा जोरही लाइनमधे येईल, गिअर न्यूट्रल, अन् चारही चाकाला मोठे दगड. तोवर तुम्ही टॉर्च घेऊन मास्टर सिलेंडरपासून निघा, प्रत्येक जोड, टी-जॉइंट, प्रत्येक होज पाइप बोटानं चाचपत शेवटच्या चाकापर्यंत. काही गळत्या फक्त दाब आला की फवारतात, पेडल सोडलं की बंद. काही उलट्या, दाबात कप ताणून बसतो तेव्हा गळत नाही अन् रात्रभर उभी असली की थेंब थेंब पडते. म्हणून रात्री प्रत्येक चाकाखाली अन् मास्टर सिलेंडरखाली जुना पेपर पसरवा, वर गोटे ठेवा. मातीत किंवा सारवलेल्या आंगणात थेंब दिसणारच नाही.

चाकाच्या आतून ओलं दिसते. ते ब्रेक ऑइल का गिअर ऑइल?

हा प्रश्न फार चांगला आहे, कारण अर्ध्या लोकांनी हबचं, म्हणजे गिअर ऑइल अडवणारं सील गेलं असताना व्हील सिलेंडर बदललेला असतो. पुढच्या चाकालाही जोर असणाऱ्या गाड्यांत पुढच्या गोळ्यातून ग्रीस-ऑइल पाझरते, तेही लोक ब्रेकचं समजतात.

ग्लासभर पाण्यात ते ओलं फडकं बुडवा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते, गिअर ऑइल वर तरंगते. शिवाय गिअर ऑइल जाड, काळपट, गंधकासारखा वास. ब्रेक ऑइल पातळ, अन् जिथं गळते तिथला कलर फुगवून सोलून काढते. बॅकप्लेटचा (ड्रमच्या मागचा पत्रा) कलर खालून निघालेला अन् लोखंड उघडं दिसलं तर पाण्याच्या ग्लासाचीही गरज नाही.

ड्रम खोलल्यावर नेमकं काय बघायचं?

पहिले गाडी नीट उभी करा. अशा कित्येक फौजी गाड्यांचा हँडब्रेक चाकावर नसतो, गिअरबॉक्सच्या मागं शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकनं उचललं की डिफरेन्शियलमुळे तो हँडब्रेक गाडी धरत नाही, गाडी जॅकवरून सरकते. म्हणून बाकी चाकांना दोन्ही बाजूनं दगड, अन् जॅकसोबत लाकडाचे ठोकळे. हँडब्रेक ओढला म्हणून खाली घुसू नका.

ड्रम निघाला की कॉम्प्रेसरच्या हवेनं धूळ उडवायची सवय सगळ्यांना आहे. जुन्या लायनरमधे अॅस्बेस्टॉस असू शकते, ते फुफ्फुसात जाते अन् निघत नाही. पाण्यानं ओलं करून पुसा.

मग व्हील सिलेंडरच्या दोन्ही टोकाच्या रबरी टोप्या. त्यातली एक बारक्या स्क्रू-ड्रायव्हरनं हळूच कडेनं उचला. आत नुसती ओलसर चकाकी असेल तर ठीक, ती असतेच. पण टोपी उचलल्याबरोबर तांबूस पाण्यासारखं ऑइल बाहेर आलं, खाली बॅकप्लेटच्या तळाला लायनरची धूळ भिजून काळा चिखल झाला, तर चोर सापडला. दोन्ही टोकं बघा, एक कोरडं अन् दुसरं गळकं असं नेहमी होते. दुसऱ्या बाजूचं चाकही त्याच दिवशी खोला, दोन्ही एकाच वयाचे आहेत.

भिजलेले लायनर धुवून, जाळून, पेट्रोलनं पुसून परत बसवायचा प्रकार खेड्यात चालते. नका करू. आतपर्यंत मुरलेलं ऑइल गरम झाल्यावर पुन्हा वर येते अन् ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. बदलायचे तर एका अॅक्सलच्या दोन्ही चाकांचे बदला.

कुठंच ओलं नाही. चारही ड्रम कोरडे. पाइप कोरडे. तरी ऑइल कमी होते. बाहेरबाधा आहे का बाप्पा?

बाहेरची नाही, आतली आहे. बूस्टर बघा.

व्हॅक्युमच्या बूस्टरमधे एका बाजूला ब्रेक ऑइल अन् दुसऱ्या बाजूला व्हॅक्युम, मधे फक्त एक रबरी सील. ते सील गेलं की व्हॅक्युम ऑइल ओढून घेते. पेट्रोल इंजिन असेल तर ते थेट मॅनिफोल्डमधे जाऊन जळते, म्हणून खाली एक थेंब पडत नाही अन् तुम्ही दर महिन्याला डबे आणता. खूण काय तर सायलेन्सरातून पांढरा धूर, विशेषतः ब्रेक मारल्यानंतर. लोक त्याला हेड गॅस्केट समजतात अन् इंजिन खोलतात. त्याच्या आधी बूस्टरला येणारा जाड रबरी पाइप सोडा, आत तारेला पांढरं फडकं गुंडाळून फिरवा. कोरडी धूळ निघाली तर बूस्टर निर्दोष, ओलं निघालं अन् पाण्यात विरघळलं तर निकाल लागला.

डिझेल टाकलेल्या गाडीत प्रकरण अजून वाईट. डिझेलच्या मॅनिफोल्डला कामापुरतं व्हॅक्युम नसते, म्हणून वेगळा व्हॅक्युम पंप असतो, पुष्कळदा अल्टरनेटरच्या मागं, अन् तो इंजिन ऑइलवरच चालते अन् जे ओढते ते चेंबरमधे सोडते. म्हणजे तुमचं ब्रेक ऑइल इंजिन ऑइलमधे जाऊन राहिलं. धूरही दिसत नाही. ब्रेक ऑइल कमी अन् इंजिन ऑइलची लेव्हल थोडी वाढलेली, असा जोड दिसला तर गाडी उभी करा, ते बेअरिंगचं नुकसान करते.

हवेच्या मदतीच्या गाडीत सील गेलं तर ऑइल हवेच्या सिलेंडरमधे शिरते अन् पेडल सोडताना हवा जिथून फुस्स करून निघते त्या तोंडातून फवारा होऊन बाहेर पडते. त्या तोंडाला पांढरं फडकं सैलसर बांधून पाच-दहा वेळा ब्रेक मारा अन् फडकं उघडा. रस्त्यावर चालताना तो फवारा धुळीत मिसळून जातो म्हणून कोणाला दिसत नाही. या गाडीत हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडत जा. ते पाणी पुढं जाऊन याच सिलेंडरला गंज लावते.

अजून एक लपलेली जागा, मास्टर सिलेंडरचं मागचं टोक. तिथून गळलेलं ऑइल पेडलच्या दांड्यावरून फरशीवर येते, अन् ड्रायव्हरच्या पायाखालची चटई ते पिते. चटई उचलून बघा, वास घ्या.

पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जाते, पण टाकीत ऑइल तेवढंच आहे.

मास्टर सिलेंडरचा पुढचा कप गेला. ऑइल बाहेर नाही जात, कपाच्या बाजूनं परत टाकीत जाते. गळती नाही म्हणून दुर्लक्ष करू नका, सिग्नलवर हळू पाय ठेवला की गाडी सरकते ती हीच.

घाट उतरताना पेडल तळाला गेलं, खाली अर्धा तास थांबलो तर परत आलं. गळती कुठं आहे?

गळती नाही, ऑइल उकळलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेते अन् पाणी मिसळलं की उकळायचा बिंदू खाली येतो. डॉट ३ चा २०५ वरून १४० वर, डॉट ४ चा २३० वरून १५५ वर. चिखलदऱ्यावरून परतवाड्याकडे ओझं घेऊन उतरताना नुसत्या पायावर गाडी आणली तर ड्रमजवळचं ऑइल तेवढं गरम होते. वाफ झाली की पेडल स्पंजासारखं, थंड झालं की पुन्हा बरोबर. उपाय म्हणजे जुनं ऑइल पूर्ण काढून नवीन, अन् घाटात ज्या गिअरनं चढता त्याच गिअरनं उतरा.

इथं टँकरवाल्यांना एक सांगतो. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, टाकीचं लोखंड वेगळं. एक टनाच्या गाडीवर तीन हजाराची टाकी ठेवायची अन् मग ब्रेक कमजोर आहे म्हणायचं, हे बरोबर नाही. वर टाकी अर्धी भरलेली असली तर ब्रेक मारल्यावर पाणी पुढं धडकते ते वेगळंच.

कोणतं ऑइल टाकू? डॉट ३, ४, ५ यात फरक काय?

डॉट ३ अन् डॉट ४ दोन्ही एकाच जातीचे, मिसळले तरी चालते, डॉट ४ जास्त गरमी सोसते. गाडीत आधीपासून हे असेल तर डॉट ४ टाका अन् मोकळे व्हा. डॉट ५ सिलिकॉनचं असते, जांभळ्या रंगाचं, ते पाणी पीत नाही म्हणून अमेरिकेच्या फौजेनं १९८० च्या दशकात आपल्या गाड्यांत तेच घेतलं. इंटरनेटवर मिलिटरी ट्रक म्हणून शोधलं की तेच व्हिडिओ येतात अन् लोकं डॉट ५ मागवतात. आपल्या गाडीत आधीचं डॉट ३ किंवा ४ असेल तर त्यात ते मिसळत नाही, लाइनमधे दोन थर होतात अन् पाणी एका जागी साचून तिथंच गंज धरते. डॉट ५.१ मात्र नावात ५ असूनही डॉट ४ च्या जातीचं आहे. म्हणून डबा नीट वाचा.

लहान डबा घ्या. अर्धा उरलेला पाच लिटरचा कॅन पावसाळाभर झाकण सैल ठेवून कोपऱ्यात पडला असेल तर ते ऑइल ब्रेकसाठी संपलं.

रस्त्यात संपलं तर पाणी, साबणाचं पाणी, जवसाचं तेल काही चालते का? आमचे काका टाकायचे.

काकांच्या काळात गाडी वीसच्या स्पीडनं चालायची. पाणी गंजवते अन् १०० डिग्रीला उकळते. जवसाचं तेल वाळून चिकट पापुद्रा होते, सगळ्या बारीक छिद्रांत बसते. अन् इंजिन ऑइल किंवा डिझेल तर मुळीच नाही, ते ब्रेकच्या रबराला फुगवते. चमचाभर गेलं तरी मास्टरचा कप, सगळे व्हील सिलेंडर कप, सगळे होज, बूस्टरचं किट, सगळं बदलावं लागते. शंका असेल तर टाकीतलं थोडं ऑइल पाण्यात टाका, वर तवंग आला तर कोणीतरी उद्योग केलेला आहे.

गाडीत नेहमी सीलबंद अर्धा लिटरचा डबा ठेवा. विषय संपला.

रबरी कपांचं किट टाकलं, महिनाभरात पुन्हा गळायला लागलं. काहून?

याची चार कारणं मी सारखी बघतो अन् बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त असतात.

पहिलं, सिलेंडरच्या आत गंजाचे खड्डे. गाडी वर्षानुवर्षं उभी, ऑइलमधलं पाणी तळाला बसलं, अन् सिलेंडरच्या खालच्या बाजूला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले. त्यावरून नवा कप फिरला की ब्लेडसारखा कापला जातो. सिलेंडर पुसून उजेडाकडे धरा, नख फिरवा, नख अडकलं तर किटचे पैसे वाया. हलका डाग असेल तर बारीक होन (आतून घासायचं अवजार) फिरवून निघतो, पण जास्त घासलं की सिलेंडर मोठा होतो अन् कप ढिला पडतो. अशा वेळी नवा सिलेंडर घ्या, अन् मिळतच नसेल तर चांगल्या लेथवाल्याकडून पितळेची किंवा स्टीलची स्लीव्ह टाकून मूळ मापाला आणा. स्लीव्ह टाकणाऱ्यानं ऑइल यायचं छिद्र परत पाडलं का, ते बघूनच पैसे द्या.

दुसरं, पार्ट डिझेलनं धुतले. गॅरेजमधे प्रत्येक गोष्ट डिझेलच्या तसराळ्यातच धुतात. ब्रेकचे पार्ट स्पिरिटनं किंवा ब्रेक ऑइलनंच धुवायचे अन् कप ब्रेक ऑइल लावूनच बसवायचा, ग्रीस लावून नाही.

तिसरं, माप. दुकानदार म्हणते चालते चालते, अन् कप अर्धा सूत मोठा किंवा लहान. कपाच्या पाठीवर माप उमटवलेलं असते, बऱ्याच जुन्या गाड्यांचं इंचात. जुना कप फुगलेला असतो म्हणून त्याच्याशी जुळवू नका, सिलेंडरचं तोंड व्हर्निअरनं मोजून न्या.

चौथं, ड्रम. लेथवर इतका टर्न केलेला ड्रम की शू फार बाहेर येतात अन् पिस्टन सिलेंडरच्या काठापर्यंत. मग नवा कपही गळणारच.

पाइप गंजला आहे. एसीच्या तांब्याच्या पाइपचा तुकडा टाकला तर?

नको. साधा तांब्याचा पाइप हादऱ्यानं कडक होत जातो अन् एके दिवशी फ्लेअरपाशी, म्हणजे टोकाच्या पसरवलेल्या कडेपाशी, तडकतो. ब्रेकसाठी स्टीलचा बंडी पाइपच घ्या अन् टोकाला डबल फ्लेअर मारणारा माणूस शोधा. सिंगल फ्लेअर ब्रेकच्या दाबात टिकत नाही. झाळण, वेल्डिंग, होज क्लॅम्प लावून रबरी नळी, हे सगळं बघितलेलं आहे, अन् यातलं काहीच ब्रेकसाठी नाही.

होज पाइपचं तर आपल्याकडे खास दुखणं आहे. कापूस निघाल्यावर वावरातून गाडी घालतात अन् पऱ्हाटीचे खुंट खालून होजवर घासतात. मागच्या अॅक्सलचा मधला होज लोंबत असेल तर तो पहिले जातो. बाहेरून नुसता चरा दिसते, आतला धागा उघडा पडलेला असते. होज वाकवून बघा, भेगा दिसल्या किंवा पेडल दाबल्यावर बेडकासारखा फुगला तर त्याच दिवशी बदला. बदलताना तांब्याचे वायसरही नवीन टाका, दहा रुपये वाचवायच्या नादात तिथूनच गळते.

टाकीच्या झाकणातूनच ऑइल बाहेर येते.

जास्त भरलं असेल, गॅस्केट गेलं असेल, किंवा झाकणाचं हवेचं बारीक छिद्र मातीनं बुजलं असेल. हे तिन्ही ठीक असून येत असेल तर पेडलला थोडी मोकळी चाल आहे का बघा. मोकळी चाल नसेल तर मास्टरचा कप मागं पूर्ण येत नाही, ऑइल परतीचं छिद्र बंद राहते, ब्रेक थोडा लागूनच राहतो अन् ड्रम तापतात. चालवून आल्यावर ड्रमजवळ हात न्या, चटका बसतो का.

हवा काढायची बरोबर पद्धत कोणती?

मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा, जवळच्यावर संपवा. बूस्टरला स्वतःचे निप्पल (हवा काढायचे पोकळ स्क्रू) असतील तर आधी तिथली हवा काढा, हे विसरलं की दिवसभर पेडल स्पंजच राहते.

निप्पलला सलाइनची नळी लावा, मेडिकलवर मिळते, दुसरं टोक थोडं ऑइल भरलेल्या बाटलीत बुडवून ठेवा. वरचा माणूस पेडल दाबून "धरलं" म्हणन, मग तुम्ही निप्पल उघडा, बुडबुडे निघतील, बंद करा, मग "सोड" म्हणा. निप्पल उघडं असताना त्यानं पाय उचलला तर हवा परत आत. अर्ध्या भांडणांचं मूळ हेच आहे, म्हणून एकच माणूस बोलेल असं आधी ठरवा. दर चार-पाच वेळा टाकी बघा, टाकी रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

निप्पल जाम असेल तर पाना लावून जोर करू नका, तुटते. आदल्या रात्री गंज सोडवणारं स्प्रे मारा, बाजूच्या सिलेंडरला हलके टोले द्या. बाटलीत निघालेलं ऑइल परत टाकीत ओतू नका, अन् नाल्यात किंवा विहिरीजवळही नका फेकू.

एक चाक गळलं तर बाकीची तीन चाकं ब्रेक लावतील ना?

जुन्या गाडीत नाही. मास्टर सिलेंडरमधून एकच पाइप निघतो अन् चारही चाकांना वाटला जातो, सिंगल सर्किट. एका जागी फुटला की सगळा दाब तिथूनच जातो. आजच्या गाड्यांसारखी दोन भागांची लाइन यात नसते. कोणी दोन टाक्यांचा मास्टर बसवलेला दिसला तरी खाली पाइप खरंच वेगळे केले का ते बघा, काही ठिकाणी दोन्ही पाइप पुढं जाऊन एकाच टी-जॉइंटला जोडलेले मी पाह्यले.

चालता चालता पेडल तळाला गेलं तर काय करायचं?

भराभर पंप मारा, बारीक गळती असेल तर दोन-तीन दाबात थोडा ब्रेक मिळते. त्याच वेळी एक एक गिअर खाली आणा. इंजिन बंद करू नका अन् न्यूट्रल तर कधीच करू नका. हँडब्रेक हळूहळू, टप्प्यानं ओढा. शाफ्टवरचा असेल तर झटक्यात ओढल्यावर जॉइंट तुटू शकतो. हॉर्न चालू ठेवा, जागा दिसली तर चढाच्या बाजूला किंवा नांगरलेल्या वावरात घाला. थांबल्यावर ऑइल ओतून "घरापर्यंत जाऊ" असं करू नका. ट्रॅक्टर बोलवा, अन् दोरीनं नाही, लोखंडी दांडीनं ओढा, कारण मागच्या गाडीला ब्रेक नाही.

पार्ट मिळत नाही. कुठं शोधू?

कंपनीच्या नावानं शोधाल तर फिरत राहाल. मापानं शोधा. कप, होजची लांबी अन् आटे, पाइपची जाडी, हे मोजून गेलात तर नागपूरच्या जुन्या पार्टवाल्यांकडे पुष्कळ काही निघते. मुख्य बॉडीचे पार्ट, म्हणजे पूर्ण मास्टर किंवा बूस्टर, यासाठी सिवनीवरून जबलपूरला एक चक्कर मारा, तिकडं या गाड्या जाणणारे लोक आहेत. घेताना रबराची तारीख बघा. फौजेचा सीलबंद माल दिसायला नवा असते पण डब्यात पंचवीस वर्षं पडलेलं रबर बोटात दाबलं की भेगाळते. लोखंड घ्या, रबर ताजं घ्या.

काम झालं हे कसं समजायचं?

इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबूनच धरा, मिनिटभर एका जागी थांबलं पाहिजे. व्हॅक्युमची मदत असेल तर पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा, पेडल थोडं खाली बसलं तर बूस्टर काम करून राहिला. मग तारेची खूण लिहून ठेवा, रिकामी गाडी मोकळ्या मैदानात चालवा, मग अर्ध्या ओझ्यानं गावात. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर बघा अन् पुन्हा तार बुडवा. आठवडाभर रोज सकाळी बुडवा. तेवढ्यात खूण हलली नाही तर भरलेला टँकर घेऊन निघा, अन् हलली असेल तर बूस्टरच्या प्रश्नावर परत जा, बहुतेक तोच राहून गेलेला असते.